संपाच्या वहीतली आपली खोली

बाबा,

तुमची गिरणी संपातली वही मी काल वर्गात नेली होती. दादरच्या कॉलेजात मी पत्रकारितेच्या मुलांना आकडे वाचायला शिकवते. स्प्रेडशीटवर वॉर्डातल्या रोजगाराचे तक्ते उघडायचे, फिल्टर लावायचे, कुठलं काम गेलं आणि कुठलं आलं ते शोधायचं. तुम्ही आज असतात आणि ही मुलं पाहिली असतीत तर कपाळावर हात मारला असतात. यांना लालबाग माहीत आहे ते गणपतीपुरतं आणि करी रोडच्या टॉवरच्या जाहिरातीपुरतं. आलेख मात्र असे काढतात की रांगोळीने लाजावं, आणि त्याखाली एक धड वाक्य लिहायला सांगितलं की घाम फुटतो. परवा एका दिवट्याने रिकामे रकाने दिसले म्हणून त्या ओळीच उडवल्या आणि वर मला सांगतो, "मॅम, डेटा क्लीन केला." म्हटलं, माणसं झाडून टाकलीस तू. रिकामा रकाना म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे, तिथे कोणी विचारलं नाही. हे वाक्य मी दरवर्षी माझं म्हणून फेकते. ते तुमचं आहे.

कॉलेज करता करता मी नुकतीच पेपरात लागले होते तेव्हाचं. गिरणीच्या ऑफिसने दिलेली यादी समोर ठेवून मी बातमी केली की संप संपला, कामगार कामावर परतले. पहिल्यांदाच माझं नाव छापून आलं होतं. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापतेय, तुम्ही मोरीच्या कठड्याला टेकून पेपर वाचताय. वाचून झाल्यावर नीट घडी घालता आणि विचारता, "ह्या कोणाक इचारून लिवलंस गो?" मी यादीचं सांगते. "यादी! आपल्या जिन्यावरचो एक तरी गडी कामावर गेल्लो बघलंस? खंयचां दार ठोठावलंस?" मग ट्रंकेतून ही वही काढता. संपाच्या पहिल्या वर्षी धान्यवाटपासाठी चाळकमिटीने तुम्हाला नोंदी करायला सांगितलं होतं. खोली, नाव, गिरणीतलं खातं, सध्या काय करतो. जिथे कुलूप, तिथे रकाना मोकळा. "मोकळो म्हणजे थंय काय नाय असां न्हय. म्हणजे मी इचारूक नाय." मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. ती बातमी मी आजवर कोणाला दाखवलेली नाही.

तर काल ही अख्खी वही शीटमध्ये घालून मी मुलांपुढे ठेवली. कोण भाजी विकायला लागला, कोण गावी गेला, कोण नुसता संपावर, ते मोजा म्हटलं. पाच मिनिटांत रांगोळ्या तयार. मागच्या बाकावर एक मुलगी बसते, वरळीच्या बीडीडी चाळीतली, फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, या मजल्यावर कोणालाच काम नाही. मग हे लोक जेवत कुठे होते?" मी फटकारलं, वहीत आहे तेवढंच बोल. दरवर्षीचं माझं वाक्य मी एका क्षणात गिळलं. ती काही गप्प बसली नाही. "माझी आजी खानावळ चालवायची, मॅडम. या शीटमध्ये एकपण बाई नाही."

मी आपल्या खोलीची ओळ काढली. तुमचं नाव, साचा खातं, संपावर. बस. आपल्या त्या एवढ्याशा खोलीत आईच्या खानावळीच्या दोन-दोन पंगती उठायच्या, बाबा. संपात ते एकटे राहणारे गडी रिकाम्या हाताने यायला लागले, तरी आईने एकाचंही ताट बंद केलं नाही. फोर्टातल्या ऑफिसांचे डबे धरले आणि त्यावर त्यांना जेवू घातलं, आपल्यालाही. आणि वही लिहिताना तुम्ही तिलाच विचारत होतात, "कोपऱ्यातलो गावाक गेलो काय गो?" ती तव्यावरून मान न वळवता सांगायची, तुम्ही लिहून घ्यायचात. धन्य आहे तुमची. चाळीतली झाडून सगळी दारं ठोठावलीत, आणि जिच्या भाकरीवर उभे होतात तिला तिचं काही विचारलं नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरी पोचेपर्यंत मी तुमच्यावर धुसफुसत होते.

घरी आई निवडत बसली होती, मेथी. आता तिला नीट दिसत नाही, पण हात चालतात. तिच्याकडे बघताना मला माझा कॉलेजचा फॉर्म आठवला. संपाचंच वर्ष. तुम्ही धान्याच्या रांगेत होतात, मी जमिनीवर बसून फॉर्म भरत होते. वडिलांचा व्यवसाय, गिरणी कामगार. त्याखाली आईचा व्यवसाय. कॉलेजात गिरगावातल्या डॉक्टर-वकिलांच्या मुली असणार होत्या. मी लिहिलं, काही नाही. आईला अक्षर येत नव्हतं. तिने विचारलं, "माझां काय लिवलंस?" मी म्हटलं, खानावळ चालवते. तिने पिठाचे हात पदराला पुसले, वाकून कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठ्या अक्षरांनी लिव हां."

शीटमध्ये आपल्या खोलीखाली मी आज एक ओळ वाढवली, आईचं नाव, खानावळ. ओळ वाढवायला काही लागत नाही. पण तिला अजून वाटतं की त्या फॉर्मवर खानावळ लिहिलेलं आहे. ती शेजारच्या खोलीतच आहे, आणि मी हे तुम्हाला लिहितेय.