दुसरी आजी

विहीणबाईंना,
विट्याहून राहीबाईचा नमस्कार.

तुमी वारल्यावर माझा जयराज आन् तुमची लेक लान, दोघं त्यांच्या पोरीला माझ्याकडं सोडून माघारी व्हिएतनामला गेली. दोघंबी दिवसभर कामाला, त्या लहानशा फ्लॅटात पोर बघायला कोण हाय? आजवर तुमी तिकडं तुमच्या गावाकडं वाढवलं, आता माझी पाळी.

आपली नात माई आता भाकरी खाती, मराठीबी बोलाय लागलीया. पर जेवताना शेजारी तुमच्यासाठी एक वाटी मांडती. लेकराचा जीव हाय, म्हणून मी ती वाटी तशीच ऱ्हाऊ देते.

काल दुपारी ती मळ्यात दिसंना. हुडकत गेले, तर विहिरीच्या काठावर आत पाय सोडून बसलेली! मागनं जाऊन मी तिला चटकन उचललं. तिचा झगा पाठीकडं मुठीत धरल्यागत चुरगाळला हुता.

"आजीनं धरलं हुतं," माई म्हणली.

"मी तर आत्ता आले गं."

"तू न्हाई. दुसरी आजी."

तुमी तिला मागं ओढत हुता का पुढं, हे लेकराला इचारायचं धाडस मला झालं न्हाई. म्हणून तुमालाच इचारते. आवं, तिच्यासाठी जीव तुटत असंल तर माझ्या घरात ऱ्हावा, दोघी मिळून वाढवू. पर तिला नेऊ नका.

तुमची,
राहीबाई