वगळण्याआधीची वकिली

गुरुजी, एक गंभीर तक्रार आहे, आणि ती नीट ऐकून घेईल असं माणूस आता इथं उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या आमच्या चहाच्या हॉटेलातलं लाकडी बाकडं गेलं. मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्या जागी लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मांडल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शास्त्रार्थ करता येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मुद्दा मांडायला माणूस पुढं सरकला की खुर्चीचे मागचे पाय उचलतात, प्रतिपक्षाला झटकून टाकायला मागं रेलला की तेच पाय फाकतात, आणि आवेशात उभा राहिला तर खुर्ची कमरेला धरून सोबत उठते. परवा आमचे मिस्त्री मधल्या फळीबद्दल अत्यंत मूलगामी असं एक विधान करत असताना खुर्चीसकट उभे राहिले. विधानाचं गांभीर्य जे गेलं ते गेलंच. बाकड्याचं तसं नव्हतं. एका टोकाचा उठला की दुसऱ्या टोकाच्याला सावध व्हावं लागायचं, म्हणजे वादात एक सामुदायिक जबाबदारी असायची. असो. काळ बदलतो आणि बसायची सोय बिघडते.

तक्रार संपली, आता बातमी. रविवारी दुपारी परदेश दौऱ्यासाठी भारताचा संघ जाहीर झाला. गुरुजी, उभे असाल तर बसून घ्या, मुलींचा संघ! तुम्ही गेलात तेव्हा बायकांचं क्रिकेट म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन ओळी, त्याही जागा उरली तर. आता त्यांच्या संघात सहाव्या क्रमांकावर कोण यावं यावरून मुकुंदवाडीत शहाणीसुरती माणसं चहा गार करतात. भाजी घ्यायला आलेली बाई पिशवी खाली ठेवून 'ती डावखुरी घेतली का हो?' असं विचारते आणि उत्तर पटलं नाही तर भाजी न घेता भांडते. तुम्ही असतात तर आनंदानं वेडे झाला असतात.

माझी मुलगी तुम्ही पाहिली नाहीत. तीही खेळते. सलामीला येते. राज्याच्या संघासाठी पुण्याला शिबिर झालं, ते तिनं पार पाडलं, आणि त्या संघाची नावंही आता कधीही येतील. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात उसळलेला चेंडू तिच्या हेल्मेटवर आदळला. जाळी आत वाकली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हरकत नाही म्हणाले, आणि थंडी सरायच्या आत ती पुन्हा बॅट घेऊन मैदानात गेली. पण तेव्हापासून तिच्या धावा होत नाहीत. घरात या विषयावर कुणी बोलत नाही. त्यामुळं घरात फक्त भारताच्या संघाबद्दल बोललं जातं, आणि ते मात्र अखंड, जेवताना, भांडी लावताना, बंद न्हाणीघराच्या दाराआडूनसुद्धा.

अशा वेळी मला तुमचं स्वयंपाकघर आठवतं. शाळेत तुम्ही संस्कृत शिकवायचात आणि घरी क्रिकेट, आणि दोन्हींत सारखेच कडक. कसोटी चालू असली की आम्हा मुलांचा वर्ग तुमच्या चुलीपुढं भरायचा. पिठाच्या डब्यावर ट्रान्झिस्टर, परातीत पीठ, आम्ही भिंतीला टेकून विभक्ती म्हणतोय, आणि तुमचा एक कान आमच्याकडं, एक समालोचनाकडं. भाकरी थापताना आपली विकेट पडली की तुमचा हात जरा जोरात बसायचा आणि भाकरीची कड फाटायची. बाहेर खेळत बसलेली पोरं नंतर ताटातली भाकरी बघूनच ओळखायची, आज आपली दैना आहे. एकदा मी, नुकती मिसरूड फुटलेला पंडित, म्हणालो, "हा यष्टिरक्षक लई भंगार आहे. हाकला त्याला." तुम्ही तवा खाली उतरवला. मला वाटलं मार बसणार. तुम्ही म्हणालात, "उभा राहा. ज्याला काढायचंय, त्याचा आधी वकील हो. असं बोल की त्याचा चाहता म्हणाला पाहिजे, व्हय, हा माझ्या मनातलं बोलला. मग काढ."

मी उभा राहिलो. त्यानं झेल सोडलेत हे खरं, पण, असं म्हणून अडखळलो. तुम्ही वाट बघत राहिलात. बोलता बोलता मी त्याच्या हातापर्यंत आलो. मगाशीच समालोचक सांगत होता की त्याचं बोट मोडलंय आणि तो पट्टी गुंडाळून उभा आहे. ते मी ऐकलं होतं, पण ऐकलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "आता?" मी म्हणालो, "आता काढवत नाही." तुम्ही तवा परत चुलीवर ठेवलात. "मग त्याची बाजू मांडलीस, म्हणजे पूर्वपक्ष झाला. सिद्धांत, म्हणजे तुझा निकाल, बाकी आहे. बस खाली." आयुष्यात मी पुढं पुष्कळ शास्त्र वाचलं, महाविद्यालयात पोरांना शिकवतोही, पण न्यायाचा पहिला पाठ मला त्या यष्टिरक्षकावर मिळाला.

तोच कायदा मी चाचांच्या हॉटेलात आणला. जो खेळाडू वगळा म्हणेल, त्यानं आधी त्याची बाजू मांडायची, आणि समोरच्यानं 'व्हय' म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. सुरुवातीला फार विरोध झाला. मिस्त्री, म्हणजे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले माझे मित्र, म्हणाले, "सर, हे हॉटेल हाय का कोर्ट?" चाचांचा आक्षेप व्यावहारिक होता. "तुमारे पूर्वपक्ष में मेरा दूध उतू जाता, सर." पण हळूहळू चटक लागली. आता परका कुणी येऊन 'त्याला हाकला' म्हणाला की चाचाच गाळणी रोखून त्याला म्हणतात, "पैले वकिली, मियां."

रविवारी वाद पेटला होता तो भारताच्या मधल्या फळीतल्या एका जुन्या फलंदाज बाईवरून. तिच्या एका जुन्या खेळीवर आम्ही सगळे अजून जगतोय. पण गेल्या मालिकेत कोपरावर चेंडू लागला, ती काही काळ बाहेर बसली, आणि परत आल्यापासून तिनं नुसतं खातं उघडलं तरी आम्ही टाळ्या वाजवत होतो. चाचा तिला काढायच्या बाजूचे. "पुराना गाना कित्ता सुनना? जवान पोट्टी को लेव." मिस्त्री ठेवायच्या बाजूचे. "चाचा, इंजिनाचा आवाज ऐकावा लागतो. धूर मारतंय म्हणून कुणी इंजिन भंगारात टाकतं का? ठोका बरोबर हाय तिचा." मी तेवढ्यात धुराबद्दल नैयायिकांचं काय म्हणणं आहे ते सांगू लागलो, तर दोघंही एकदम म्हणाले, "सर, नक्को." आयुष्यात त्यांचं एकमत फक्त माझ्या विरोधात होतं.

एवढ्यात सराव संपवून मुलगी स्कूटीवरून आली. घामेजलेली, खांद्याला किटची बॅग. मिस्त्री ओरडले, "आली आपली सलामीवीर! बोल गं बाय, जुनीला ठेवायची का काढायची?"

"काढायची," ती हेल्मेट काढता काढता म्हणाली.

चाचांनी विजयानं पळी आपटली. मिस्त्री म्हणाले, "अशी कशी काढतीस? बापाचा कायदा ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे काका. लहानपणी दूध प्यायचं नसलं तर आधी दुधाची वकिली करायला लागायची मला. या घरात जन्म घेऊन बघा एकदा."

सगळे हसले. मग ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलायला लागली, आणि मला वाटलं होतं ती दोन वाक्यांत उरकेल.

"तिला खेळता येत नाय असं नाय. तिला चेंडू दिसतो. सगळ्यांच्या आधी दिसतो. डोकं म्हणतं पुढं हो, आणि पाय म्हणतो, तू हो, मी येत नाय. तुम्हाला टीव्हीवर वाटतं, किती घाण फटका मारला. तिनं फटका मारलेलाच नसतो, काका. ती चेंडूपासून लांब व्हायला बघत असते आणि हातात बॅट असते, एवढंच. आणि हे ती सांगणार कुणाला? कोच म्हणतो सराव वाढव, ती वाढवते. सरावात सगळं झकास होतं, कारण तिथं कोण टाकतंय, कुठं टाकतंय, सगळं माहीत असतं. सामन्यात उभं राहिलं की परत तेच. पण हे जातं. वेळ लागतो, पण जातं. आणि सामने खेळूनच जातं. बाहेर बसवलं तर आत घट्ट होऊन बसतं. म्हणून तिला खेळवायला पाहिजे."

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून कपात घातली. चाचा उगाचच कोरडा ओटा पुसायला लागले. कायद्यानं मिस्त्रींचा कौल लागत होता. ते कपातच म्हणाले, "व्हय. बोललीस माज्या मनातलं."

"तरी काढायची," मुलगी म्हणाली. "देशाचा संघ म्हणजे दवाखाना नाय." आणि चहाचा घोट घेऊन, "चाचा, आज साखर विसरलात."

मग टीव्हीवर नावं वाचायला सुरुवात झाली. गुरुजी, नाव वाचणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसू नये अशी शिकवणी त्यांना कुठं मिळते कोण जाणे. एकेक नाव येतंय, आम्ही 'हां' म्हणतोय, 'हात्तिच्या' म्हणतोय, सलामी झाली, मधली फळी सुरू झाली, एक नवी मुलगी आली, चाचा फुलले, आणि पुढचंच नाव तिचं. जुनीचं! मिस्त्री उठले, खुर्चीही उठली, आणि दोघं तसेच नाचले. स्टेशनाकडं निघालेली माणसं थांबून काय झालं विचारायला लागली. चाचा हरले होते, पण त्यांनीच सगळ्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला. आणि या सगळ्या गलक्यात सर्वांत मोठी शिट्टी कुणाची असेल? तोंडात दोन बोटं घालून, हॉटेलाचे पत्रे थरथरतील अशी? मिस्त्री चाटच पडले. "अगं, तू तर काढत होतीस!"

"काढत होते ना! पण त्यांनी घेतलं!" ती उड्या मारत होती. हिवाळ्यानंतर तिला अशी मी पाहिलीच नव्हती. मीही उड्या मारल्या असाव्यात, कारण संध्याकाळी गुडघा दुखत होता.

घरी येताना स्कूटी ती चालवत होती, मी मागं किटची बॅग सांभाळत. रेल्वेचं फाटक बंद होतं. मान मागं वळवून ती म्हणाली, "बाबा, बघितलं? थांबले निवड समितीवाले तिच्यासाठी. नुसते आकडे नाय बघत." मग जरा वेळानं, "तुम्ही असता आमच्या समितीत, तर मला घेतलं असतं? पूर्वपक्ष नको. सरळ सिद्धांत सांगा." तेवढ्यात गाडी आली. मी म्हणालो, "गाडी जाऊ दे." गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि तिला निघावंच लागलं. "घरी सांगा," ती म्हणाली. घरी तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून जेवताना आम्ही भारताच्या फिरकीबद्दल बोलतोय. इतकं की तिच्या आईनं काल विचारलं, "फिरकीला झालंय तरी काय?"

उत्तर माझ्याकडं तयार आहे, गुरुजी. जोरात येणाऱ्या चेंडूला तिचा पाय बाहेर सरकतो, हे मी मैदानाच्या कडेला उभा राहून पुष्कळदा पाहिलंय. मी समितीत असतो तर या खेपेला तिला घेतलं नसतं. तिची बाजू ती स्वतःच माझ्यापेक्षा चांगली मांडून गेली, तरीही घेतलं नसतं. हे तिला सांगायचं धैर्य होत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता कळलं की हेही पुरतं खरं नाही. गेलेल्या माणसाला लिहिलेले हे कागद टपालात टाकायचे नाहीत हे बरंच आहे. पुढचं तुमच्यासमोर उभं राहून मला बोलवलं नसतं. हिवाळ्यात तो चेंडू जाळीवर आदळला तेव्हा मी सीमारेषेजवळ होतो आणि तो आवाज मी ऐकला. ती गुडघ्यावर बसली, उठली, पंचांना हात करून ठीक आहे म्हणाली. मी मात्र अजून तिथंच आहे. गोलंदाज धावत सुटला की माझे डोळे मिटतात. तिच्या संघाची नावं उद्या-परवा येतील. त्यात तिचं नाव नसावं असं मला वाटतं, आणि ते तिच्या खेळामुळं नाही. तिला परत लागेल, अशी मला भीती वाटते.