मटारची टोपली

प्रिय ताई,

फोनवर हल्ली तू ‘बरी आहे, ठेवते’ एवढ्यावरच आटोपतेस. पत्र तरी अर्ध्यावर ठेवणार नाहीस, या भरवशावर लिहायला बसलोय. चहा घेऊन बस आणि मग वाच.

विद्यापीठातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सध्या काय चालतं, ते ऐकलंस तर हसशील. आम्ही मटार सोलतो. खरंच! मुलं यायची, समोर बसायची आणि गप्प. कुणी नापास झालेलं, कुणाला घरच्या आठवणीनं झोप नाही, कुणाला सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी आपला शिकवलं होतं तशी मान तिरकी करून, डोळ्यांत प्राण आणून त्यांच्याकडे बघायचो. बिचारी आणखीच आक्रसायची. इतकं रोखून कुणी बघत बसलं तर मीसुद्धा तोंड उघडणार नाही.

मग एकदा कॅन्टीनच्या आचाऱ्याकडून मटारची टोपली मागून आणली. खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या, शेंगा टेबलावर ओतल्या आणि आलेल्या मुलाला म्हटलं, जरा हात लाव. निम्म्या शेंगा सोलून व्हायच्या आत तो घडाघडा बोलायला लागला. तेव्हापासून आचारी रोज टोपली पाठवतो. आमच्या विभागप्रमुख बाईंनी आधी कपाळाला हात लावला. परवा त्याच येऊन तासभर सोलत बसल्या. काय बोलल्या ते तुलाही सांगणार नाही, आमच्या पेशात ते बसत नाही. मुलं निम्मे दाणे खाऊन टाकतात, अशी आचाऱ्याची कुरकुर असते. मी म्हणतो, खाऊ देत. जेवण टाकलेलं पोर दाणे तोंडात टाकायला लागलं की मला धीर येतो.

ही विद्या कुणाची, ते तुला सांगायला नको. आई गेल्यावर मी कुणाशी बोलत नव्हतो. मामा समजावून थकला, मावशी रडून थकली. तू काहीच विचारलं नाहीस. स्वयंपाकघरात परात मांडलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, बारक्या, सोल. कितीतरी दिवस आपण नुसतेच सोलत होतो. मग एका दुपारी मी विचारलं, आईला खूप दुखलं असेल का गं? तू तेव्हाही मान वर केली नाहीस. तुझ्यापुढचा शेंगांचा ढीग थोडा माझ्याकडे सरकवलास, आणि मी पोटभर रडलो. तूही तेव्हा पोरच होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

भावोजी गेल्यापासून तू कुणाशी धड बोलली नाहीस, ताटावरून तशीच उठतेस, असं भाचीनं सांगितलं. येणारे-जाणारे तुझ्या तोंडाकडे बघत बसतात म्हणे. मला तुझी फार काळजी वाटते गं. शनिवारी येतोय. काही विचारणार नाही, समजावणार तर मुळीच नाही. परात तेवढी काढून ठेव. मटार मी आणतो, आणि या खेपेला ढीग सरकवायचं काम माझं.

तुझाच,
बारक्या