तापवलेली चावी

झाडगाव, रत्नागिरी
१४ डिसेंबर २००२

विज्ञानमार्तंड महिपतराव यांस, पलीकडच्या वर्गातल्या आत्मारामचा कडकडून नमस्कार.

तुमचे गुडघे नागपूरच्या कोरड्या हवेत सुधारले असतील असं धरून चालतो. निशिगंधाला आणि जावईबापूंना आशीर्वाद. माझं उत्तम चाललं आहे. रक्तदाब आहे तिथेच आहे, दात उरलेत तेवढे चावतात, आणि कान तर पंचविशीतल्यासारखे खणखणीत. दिवाळीत तुमचा फोन आला नाही म्हणून मी रागावलेलो वगैरे मुळीच नाही (हल्ली फोन कोणाचाच फारसा वाजत नाही, आमचा उन्मेषसुद्धा ठाण्याहून पत्रच टाकतो, तेही सुनेच्या अक्षरात). पत्र लिहायचं कारण निव्वळ शास्त्रीय आहे. तुम्ही एकतीस वर्षं आठवीच्या पोरांना शिकवलंत की धातू तापला की प्रसरण पावतो. मी मराठीचा मास्तर, पण मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ऐन वेळी तोंडघशी पडलो. त्याचा खुलासा हवा आहे.

झालं असं. शाळेत नवी प्रयोगशाळा येते आहे, सगळं प्लॅस्टिकच्या खोक्यांतून, धुतल्या तांदळासारखं. जुन्या वस्तू बाहेर काढल्या. गेल्या महिन्यात बाळा शिपाई पिशवी घेऊन दारात उभा. म्हणाला, "सर, हेडबाईंना विचारून आणलंय. म्हापतसरांचं हे भंगारात जातंय, माझ्याच्यानं बघवंना." उघडून पाहतो तर तुमचा पितळी गोळा आणि ते कडं! साखळी तीच, मुठीवर तुमच्या हाताचा काळा डागही तोच. महिपतराव, मला एकदम खडूचा वास आला. आठवतं ना, तुमची आठवी आणि माझी पाचवी यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. बाकी प्रयोगांचं तुमचं कधी जमलं नाही (त्या काचेच्या कांडीने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग आपल्या दमट हवेत एकदाही झाला नाही, तुम्ही कांडी घासून घासून घामाघूम, कपटे जागच्या जागी), पण उष्णतेच्या पाठाला तुम्ही राजे होतात. गार गोळा कड्यातून सुळकन खाली. मग स्पिरिटच्या दिव्यावर तापवून पुन्हा कड्यावर, की हा बसला अडून. मग तुमचा तो दरडावलेला आवाज, "आता कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही." इकडे माझी कविता चालीवर शेवटच्या कडव्याशी आलेली असायची, आणि मीही थांबायचो. माझी पन्नास पोरं आणि तुमची पन्नास पोरं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी गप्प. गोळा निवायचा, आणि खालच्या थाळीत टण्ण! की आम्ही शेवटचं कडवं उचललंच. हेडमास्तरांनी एकदा विचारलं होतं की मराठीच्या तासाला घंटा कोण देतो.

तर हल्ली चारच्या चहानंतर मी ओटीवर तो प्रयोग करतो. शेजारच्या तुमच्या बंद घराच्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात. चहा सवयीने दोन कप होतो (चिमा कामाला येते ती दुसरा कप पिते, पण उभ्याने, आणि तुमच्यासारखं ऊर्ध्वपातनावर काही बोलत नाही). हे पत्र लिहायला बसतानाही गोळा तापवून कड्यावर ठेवला आहे. त्याच्यावर दोन ओळी सुचल्या, मात्रा मोजू नका:

कालवर ज्या दारामधुनी आला गेला सहज,
तापून येतो आणि म्हणतो, दार अरुंद आज!

आता मुख्य प्रकरण. गेल्या शनिवारी तुमचा पुतण्या विनीत आला आणि म्हणाला की काकांनी घर विकायचं ठरवलंय, उद्या दहाला राजापूरचे एक निवृत्त तलाठी सपत्नीक बघायला येतील, चावी काढून ठेवा. (हा मुलगा फार ओरडून बोलतो. बँकेत काउंटरवर बसून सवय लागली असेल.) मला हे तुमच्याकडून कळलं नाही याबद्दल मी काही म्हणत नाही. घर तुमचं, काशीवहिनींच्या मागे तिथे एकट्याने राहवेना हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण दीड वर्षं मी तुमच्या दाराला रोज नमस्कार केल्यासारखा कुलूप ओढून बघतो. संध्याकाळी तुमच्या अळवाला पाणी घालतो. ते एका दिवसात राजापूरला द्यायचं? मला काही सुचेना. कड्यावरच्या गोळ्याकडे पाहत बसलो आणि, महिपतराव, तुमचंच शास्त्र मला प्रसन्न झालं. चावी तापवली तर फुगणार. फुगली तर कुलपात जाणार नाही. कुलूप उघडलं नाही तर मंडळी राजापूरची गाडी पकडणार!

रविवारी पावणेदहाला मी गॅस पेटवून सांडशीत चावी धरली. चिमा मासे निवडता निवडता म्हणाली, "अण्णा, चावी कशाला भाजताव? वांगी संपली काय?" मी म्हटलं, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "असंल. पण मीठ लावा." दहा वाजले, कोणी नाही. चावी निवली, पुन्हा तापवली. सव्वादहा, पुन्हा. दहा वीसला मंडळी उगवली तेव्हा चावी सांडशीत लाल झालेली आणि मी घामाने. ती हातात देणं शक्य नव्हतं. मीच सांडशी पुढे धरून पायऱ्या उतरलो, माझ्यामागे विनीत, त्याच्यामागे तलाठी, मागे त्यांच्या मंडळी, अशी आरतीसारखी मिरवणूक आपल्या कुंपणातल्या बेड्यातून तुमच्या दाराशी. तलाठ्यांनी विनीतच्या कानात काहीतरी विचारलं. विनीतने मान हलवली ती मला आवडली नाही.

तुमचं ते कुलूप तुम्हाला माहीत आहे. खाऱ्या वाऱ्याने गंजलेलं, काशीवहिनी असतानाही जरा उचलून, उजवीकडे दाबून, दोन शिव्या दिल्याशिवाय उघडलं नाही. मी निर्धास्त होतो. चावी लावली. चर्र झालं असावं, कारण धूर निघाला. आत वर्षानुवर्षांचं घट्ट झालेलं तेल वितळलं की काय देव जाणे, चावी लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि कुलूप एका फेऱ्यात उघडून माझ्या पायावर पडलं. महिपतराव, त्या कुलपाने जन्मात इतकी तत्परता दाखवली नव्हती! तलाठी धुराकडे बघत राहिले. मी मास्तर, तोंडाला येईल ते शिकवायची सवय. म्हटलं, बंद घर उघडताना आमच्याकडे चावी अग्नीतून काढतात. बाईंनी लगेच हात जोडले. म्हणाल्या, "बघा, किती सोवळ्याचं घर आहे." म्हणजे मी घर अडवायला गेलो आणि त्यांच्या मनात भरवून आलो.

घर त्यांना पसंत पडलं. विहीर, ओटी, मागचे दोन हापूस, सगळं. फक्त माझ्या ओटीकडची तुमची ती खिडकी बुजवून तिथे कपाट करणार आहेत, भांड्यांचं. मी म्हटलं, छान जागा आहे, उजेड भरपूर येतो. (कपाटाला उजेड कशाला, हे मला घरी आल्यावर सुचलं.) खिडकीत तुमचा कान तुटलेला कप उपडा होता. मी धोतराने पुसून तिथेच ठेवला.

तर पायाच्या अंगठ्याला हळद लावली आहे, सूज उतरली. कळावे, लोभ जुनाच आहे, त्यात नव्याने घालण्यासारखं काही नाही.

तुमचा,
आत्माराम

ता. क. माझी शंका राहिलीच. गोळा फुगतो, मग चावी का फुगली नाही? की फुगते, पण आपल्याला हवी तेवढी नाही? उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरचं सगळं गमतीत घ्या. घर खुशाल विका. माणसं भली आहेत, बाईंनी परवा विनीतबरोबर घावणे पाठवले होते, जाळी उत्तम होती. माझ्याकडे बघून काही ठरवू नका. मला सोबतीला चिमा आहे, कविता आहेत.

ता. क. तिसरा. पत्र बंद करता करता समोर पाहिलं. गोळा थाळीत पडलेला आहे. कधी पडला ते मला कळलं नाही. गेला महिनाभर रोज असंच होतंय. मी थांबलेला असतो, आणि मान वर करतो तेव्हा तो पडून गेलेला असतो. कानांचं मी वर लिहिलं ते खोटं आहे. चिमा म्हणते फोन रोज वाजतो, दिवाळीत तर वाजून वाजून थकला. तो तुमचा असेल तर क्षमा करा. सही करायला तुम्हाला इथे यावंच लागेल असं विनीत (ओरडून) म्हणाला. तेव्हा आठ दिवस आधी या. खिडकी अजून उघडी आहे. गोळा मी तापवीन. तुम्ही काही करायचं नाही, फक्त पलीकडून हात वर करून दाखवायचं, पडला म्हणून. माझं शेवटचं कडवं राहिलं आहे.