उधाणाबद्दल चार पानं

शनिवार, १० ऑगस्ट १९७४

सत्यशीलाचं पत्र. रत्नागिरीकडं नर्स म्हणून लागून पोरीला जेमतेम दोन महिने झाले, आणि गेल्या पुनवेला समुद्राचं पाणी तिच्या खोलीच्या पायरीपर्यंत आलं म्हणे! येत्या अमावस्येला त्याहून मोठं उधाण येणार, असं तिथले कोळी सांगतात. 'बाबा, काय करू?'

तिच्या आईनं, सरजानं, लगेच डोळ्याला पदर लावला. "बोलवून घ्या तिला. लय झाली नोकरी." मी म्हणालो, थांब! वीस वर्षं भूगोल शिकवतोय मी. भरती-ओहोटी म्हणजे माझा हातखंडा विषय. समुद्र अजून पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

चार पानं लिहिली. काय ती ऐट! पाणी चढलं की टेकडीवरच्या दवाखान्यात जा. ओसरायला लागलं की मात्र ताबडतोब खोलीत ये आणि जात्या पाण्याबरोबरच खराट्यानं गाळ बाहेर ढकल — वाळला की कुदळ लागते. गोदावरीच्या पुरानंतर आपण गंगाखेडात करतो, अगदी तसंच. खाली झोकदार सही ठोकली आणि आरशात बघून मिशीवर हात फिरवला.

सोमवार, १२

पत्र टाकलं. नीट आत पडावं म्हणून पेटीला दोन थापाही मारल्या.

बुधवार, १४

मी गाढव आहे.

नववीला भरती-ओहोटी शिकवत होतो. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं — 'दिवसातून दोनदा'. हात तिथंच थांबला. आमची गंगा ओसरली की गेली, वर्षभर बघायला नको. समुद्र तर बारा तासांत परत येतो! आणि मी पोरीला दोन भरत्यांच्या मधे खोली झाडायला बसवलंय, तेही ऐन उधाणात! झाडून थकणार आणि तिथंच झोपणार, दुसरं काय!

वर्ग तसाच सोडून पोस्टात पळालो. पोस्टमास्तर किशनराव म्हणाले, "गुरुजी, थैली परवाच गेली. आता काय गाडीच्या मागं पळता?" पळालोही असतो. शेवटी तार केली — 'ओसरलेले पाणी परत येते. खोलीत जाऊ नको. बाबा.' किशनरावांनी ती दोनदा वाचली. "समुद्राकाठच्या माणसाला हे तुमी गंगाखेडहून कळवायलाव?"

गुरुवार, १५

झेंडावंदन. हेडमास्तर माणिकराव म्हणाले, चार शब्द बोला. नको म्हणालो. चार पानांनीच माझं पोट भरलंय.

शनिवार, १७. अमावस्या

पोळा. गल्लीतून सजवलेले बैल गेले, वाजंत्री गेली. शेजारून आलेली पुरणपोळी दारातल्या एका बैलाला चारली.

सरजानं विचारलं, "तुमी लिवलंय न्हवं तिला समदं बराबर?"

'हो.' चक्क खोटं बोललो.

रविवार, १८

हॉटेलातल्या रेडिओवर बातमी — कोकणात उधाण, काठावरची घरं पडली. कुठल्या गावची ते सांगायच्या वेळेला मेला रेडिओ खरखरायला लागला. मालकाला म्हणालो, बदडा त्याला! त्यानं माझ्याकडं असं बघितलं की चहा तसाच टाकून उठलो.

सरजाला अजून सांगितलं नाही. भित्रा आहे मी, आणि वर शहाणा.

मंगळवार, २०

काही नाही. आज पृथ्वीच्या गोलाकडं पाठ करून इतिहास शिकवला.

शनिवार, २४

पत्र! अक्षर तिचंच!

'जयभीम बाबा. शनिवारी दुपारी पाणी खोलीत शिरलं, संध्याकाळी ओसरलं. शेजारचे सगळे होड्या वर ओढायला गेलेले. मी खराटा घेऊन आत शिरले, आपल्या गंगेची सवय! तेवढ्यात पोस्टमन तुमची तार घेऊन आला, रस्ता बंद म्हणून तीन दिवस अडकली होती. तशीच टेकडीवर परत गेले. मध्यरात्री पाणी पुन्हा आलं आणि खोली पडली. मी आत जाईन हे तुम्हाला कसं कळलं? तुमचं पत्र तर अजून एकही नाही.'

म्हणजे माझी चार पानं पोचलीच नाहीत. पोरगी आपल्या मनानंच आत शिरली होती!

"तुमच्या शिक्षणानं वाचली पोर," असं म्हणून सरजा रडायला लागली. मलाही हुंदका आवरेना. नववीला सत्यशीला माझ्याच वर्गात होती. भूगोलात पहिली आली होती.