शंकूछेद म्हणजे खराब माल

४ जानेवारी, दुपारी. लाइट गेलीय, कापडाचे लूम बंद.
आजपासून भूमिती. सिदराला दहावीनंतर पुण्याला होस्टेलवर जायचंय. सायन्सला. भिवंडीतलं सायन्स काय संपलं? बेगम तय्यबा लेकीच्या बाजूने. म्हणून मी पैज लावली. क्लासच्या सराव परीक्षेत भूमितीचा पेपर मीही देणार. मला जास्त मार्क पडले तर पोरगी घरी. दहावी नापास बापाला जे जमतं ते शिकायला पुणं कशाला? सिदरा लगेच हो म्हणाली. बिचारी. तिच्या बापाचा जन्म सूत गुंडाळलेल्या कोनांत गेलाय, हे विसरली.

६ जानेवारी
सिदराने विचारलं, त्रिकोणातल्या कोनांची बेरीज किती. म्हटलं, सूत किती जाड-बारीक, कुठल्या काउंटचं आहे त्यावर. ओढणी तोंडात कोंबून हसत बसली. पुस्तकातला कोन म्हणजे अँगल. आपल्या कोनाला ते शंकू म्हणतात. म्हणोत. वस्तू माझीच.

९ जानेवारी
शंकूचं घनफळ: एक तृतीयांश पाय आर वर्ग एच. उरलेले दोन तृतीयांश कोणी खाल्ले? सिदराने पुठ्ठ्याचा शंकू करून त्याने तेवढ्याच रुंदी-उंचीचा गोल डबा तांदळाने भरून दाखवला. बरोबर तीनदा. बासमती सगळा लादीवर. तय्यबा म्हणाली, तुमच्या शिक्षणापायी उपाशी मरू.

१४ जानेवारी
त्रिज्या दिलीय, तिरकस उंची दिलीय, लंब उंची काढा. अरे, ज्याने तिरकस मोजली त्याला सरळ मोजायला काय धाड भरली होती?

२१ जानेवारी
पुढे शंकूछेद. म्हणजे टोक कापलेला शंकू. तीस वर्षं धंदा करतोय. कापलेला, फाटलेला माल मी परत पाठवतो. तो आता डोक्यात भरू? आख्खा भाग सोडला. सिदरा म्हणाली, अब्बा, हा शंभर टक्के येणार. घाबरलीय. मला घाबरवायला बघते.

२७ जानेवारी
दोस्त मुदस्सिर आलेला. त्याची लेक सना गेल्या वर्षी पुण्याला शिकायला गेली. आता फक्त ईदला येते, आणि आली तरी मोबाइलमध्ये डोकं. घरात करमत नाही म्हणून तो रोज माझ्या कारखान्यात येऊन बसतो. आज पाहिलं, रिकामे कोन उगाच एकात एक घालत होता. मला धडकी भरली. उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

२८ जानेवारी
उठलो नाही. थंडी.

२ फेब्रुवारी
या अल्ला! गोलाचं घनफळ आणि पृष्ठफळ एकमेकांत घुसतात. सिदरा संध्याकाळी कारखान्यात येते, लूमच्या खटखटीवर ओरडून सूत्रं विचारते, मीही ओरडतो. पंधरा वर्षांत पोरीशी एवढं बोललो नव्हतो. आणि हिला पाठवू? डोकं फिरलंय का माझं?

८ फेब्रुवारी
पेपर दिला. बेंच लहान, गुडघे अडकले. क्लासचे विशालसर पोरांना म्हणाले, हसू नका. त्यानंतरच हसली. एका शंकूची उंची वजा आली. तळघर असेल. शेवटचा प्रश्न शंकूछेदाचा, सोडलेलाच. तरी कोरा ठेवला नाही. लिहिलं: टोक कापलेलं आहे, माल परत करावा. एकंदरीत पेपर सोपा. तीस कुठे गेले नाहीत.

११ फेब्रुवारी
चाळीसपैकी सिदरा अडतीस. मी पाच. त्यातला एक चांगल्या अक्षराचा.
सर बायस्ड आहेत म्हणालो. सिदरा माझा हात धरून खाली कारखान्यात घेऊन गेली. सुताचा एक कोन उचलून माझ्या हातात दिला. खाली रुंद, वर अरुंद, वर सपाट. विचारलं, अब्बा, याचं टोक कुठाय?
नाही टोक. कधीच नव्हतं. तीस वर्षं शंकूछेदच विकत घेतोय.
लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. पण पैज म्हणजे पैज.

१९ जून
सिदराला सोडून आलो. होस्टेलची खोली टेपने मोजली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, घनफळ फारच कमी. तय्यबाला म्हटलं, परत नेऊ. तिने टेप काढून घेतली. येताना भिवंडीजवळ मानकोलीला डोळ्यांत धूळ गेली. धूळ कसली, रडत होतो.
निघताना सिदरा म्हणाली, विशालसर तुमचा पुन्हा पेपर घेणार आहेत, मी फोनवर शिकवेन. म्हटलं, बघू. कामं फार आहेत.

२३ जून
फोन नाही. नवीन कॉलेज आहे, बिझी असेल. मलाही कुठे वेळ आहे? दुपारभर रिकामे कोन एकात एक घालत बसलो. मुदस्सिर बघत होता.

२६ जून, मगरिबच्या नमाजनंतर
फोन आला. व्हिडिओ. जरा बारीक वाटली. लगेच म्हणाली, अब्बा, शंकूछेदाच्या घनफळाचं सूत्र सांगा.
मला येतं. महिनाभर तोंडपाठ आहे, झोपेतही म्हणतो असं तय्यबा सांगते.
म्हटलं, नाही गं आठवत.
ती म्हणाली, असू दे, पहिल्यापासून घेऊ.