वाटीच्या आवाजाला आलेल्या एकोणीस जणांबद्दल

मी, जयवंत धोंडू पालव, वय वर्षे चौपन्न, राहणार करी रोड, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या टेबलावर बसून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. उलट बायको लिहू नका म्हणते आहे. येत्या गुरुवारी परळच्या इस्पितळात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून आजच.

१. दिनांक ३ जानेवारी २०२१ रोजी केलेलं माझं मृत्युपत्र मी या लेखाने पूर्णपणे रद्द करतो. त्यात माझा पुतण्या वैभव याला माझा धंदा, पिंजरे आणि माझ्या अंत्यविधीचा अधिकार दिला होता. भावाच्या मागे तो सहा वर्षांचा असताना आमच्याकडे आला. आम्हाला मूल नाही. एवढ्यावरून ते मृत्युपत्र कोणत्या मनाने केलं होतं ते कळावं.

२. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली खोली आणि बँकेतली शिल्लक, दोन्ही माझी पत्नी सुभद्रा हिला, विनाअट. तिने खोली विकून गावी कुडाळला जाऊ नये ही विनंती आहे, अट नाही. तिथे तिला आठ दिवसांत कंटाळा येईल.

३. माझा धंदा चित्रीकरणासाठी पांढरे उंदीर पुरवण्याचा. शाळा नववीपर्यंत. उंदरांचं शास्त्र मी दादरच्या रद्दीवाल्याकडची इंग्रजी पुस्तकं आणून, शब्दकोश पुढ्यात घेऊन शिकलो. माझा उंदीर चावत नाही, पळत नाही. स्टीलच्या वाटीवर नखाने दोन टिचक्या, थोडं थांबून आणखी एक, एवढं वाजवलं की असेल तिथून येतो. पिल्लाला शिकवायला एकवीस दिवस लागतात. वाटीत दरवेळी खाणं असलंच पाहिजे. रिकामी वाटी मी सत्तावीस वर्षांत एकदाही वाजवली नाही.

सध्या घरात सात उंदीर आहेत. त्यांची जात दोन-अडीच वर्षं जगते, म्हणजे माझ्यामागे थोडेच दिवस. ते डॉ. संघमित्रा जाधव यांच्या दवाखान्यात राहतील. त्या प्राण्यांच्या डॉक्टर आहेत आणि त्यांनी हो म्हटलं आहे. त्या सातांना पुन्हा कोणत्याही कॅमेऱ्यापुढे नेऊ नये.

४. काय झालं ते इथे लिहून ठेवतो, कारण टीव्हीवर ते वेगळं दिसलं.

जूनमध्ये एका वाहिनीच्या धाडसाच्या खेळासाठी एकोणीस उंदीर मागितले. कागद मी स्वतः टाइप केला होता: पाणी नाही, बंद झाकण नाही, दिव्याखाली सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. नेमकी शूटिंगच्याच दिवशी माझी अँजिओग्राफी निघाली. माझ्याऐवजी उंदीर घेऊन वैभव गेला. तिथे त्यांनी दुसरा कागद पुढे केला आणि त्याने सही केली.

खेळ असा होता: काचेच्या पेटीत उंदीर, खालून पाणी भरत जाणार, वर झाकण. स्पर्धक बाईने तीन कुलुपं उघडली की झाकण निघणार. वाचलेल्या प्रत्येक उंदरामागे एक गुण. बाईने दोन कुलुपं उघडली आणि घाबरून सोडून दिलं. सुरुवातीला पट्टी होती, कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही म्हणून. मी मोजलं, चार सेकंद. शेवटी आभारांत माझं नाव होतं, बरोबर लिहिलेलं.

उंदीर पोहतो. पण झाकणाला टेकलेल्या पाण्यात कुणीच पोहत नाही. एकोणीस गेले होते, झाकण काढेपर्यंत तग धरलेले सात परत आले.

वैभव घरी येऊन म्हणाला, "काका, मला बाहेर बसवलं होतं. मी बघितलंच नाही." मी विश्वास ठेवला. मग तो भाग लागला. पाय ओले झाल्यावर उंदीर काचेच्या काठावर चढून बसले होते, झाकण लागत नव्हतं. आणि संगीताच्या खाली मला ऐकू आलं: दोन टिचक्या, थोडं थांबून एक. सगळे खाली उतरले. झाकण लागलं. तसं वाजवणारे जगात दोनच हात आहेत. एक इस्पितळात होता.

५. यात माझाही दोष आहे, तो मी कबूल करतो. भीती ही त्यांची स्वतःची वस्तू होती. ती मी काढून घेतली आणि तिच्या जागी माझा भरवसा ठेवला.

६. माझ्या नावाने हा धंदा यापुढे कुणी करू नये. पिंजरे मोडीत द्यावेत. वाटी सुभद्राने घासून स्वयंपाकात घ्यावी.

७. अंत्यविधीचं कलम मी कच्च्या खर्ड्यात आज सकाळपर्यंत कोरं ठेवलं होतं. वैभव खरं बोलला तर अग्नी त्यानेच द्यावा असं मनात होतं. आज तो आला. मी सरळ विचारलं.

म्हणाला, "हो, मीच वाजवली. शूटिंग अडलं होतं, सेटवर सत्तर माणसं. काय सांगू त्यांना, उंदरांचा मूड नाही?"

सुभद्रा म्हणाली, "अरे, मग त्या दिवशीच सांगायचं होतंस."

"काय सांगायचं काकी? उंदीरच ना ते! आजोबांनी पालिकेच्या नोकरीत हजारो मारले. त्यांना पेन्शन, आणि मी गुन्हेगार?"

खरं आहे. माझे वडील पालिकेत उंदीर मारायच्या कामावर होते. रोगराईसाठी मारत. घरी आले की मोरीत कोपरापर्यंत हात धुवत आणि जेवून होईपर्यंत बोलत नसत. त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आणि त्यांनी एकालाही जवळ बोलावून मारलं नाही. हे मी वैभवला सांगितलं.

तो मोबाइल खिशात घालत म्हणाला, "काका, तू ना, उगाच ताणतोस. पुढच्या महिन्यात त्यांना कबुतरं हवीयत. मी हो म्हटलंय."

तो खरं बोलला, पण कबुतरंही कबूल करून आला. म्हणून कलम असं: अग्नी सुभद्राने द्यावा. वैभव आला तर कुणी अडवू नये, अपमान करू नये. मात्र शेवटचं तोंड बघताना त्याने मला 'काका' म्हणून हाक मारू नये. त्या आवाजाला मी बावीस वर्षं, हातातलं काम टाकून, उठून जात आलो आहे.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून या दोघांना मी काहीही ठेवलेलं नाही. त्यांनी राग मानू नये.

सही: जयवंत धोंडू पालव

साक्षीदार:
१. गौतम रामचंद्र सोनावणे, शेजारी, करी रोड
२. मधुरा विलास केळुसकर, ग्रंथपाल, दादर

स्थळ: करी रोड, मुंबई
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार